हत्ती धावतो की भरभर चालतो? जड प्राण्यांची चाल, दुडकी आणि दौड

अर्धाआराखडा
थ्रीडी ॲनिमेशनच्या एका प्रसंगात हत्ती, गेंडा आणि पाणघोडा मोकळ्या मैदानातून पळताना दाखवायचे आहेत. घोड्याच्या दौडीचं तयार रिग (मॉडेल हलवणारा आतला सांगाडा) तिघांना लावलं तर गेंडा जेमतेम पटतो, पाणघोडा हास्यास्पद दिसतो आणि हत्ती फुगवलेल्या रबरी खेळण्यासारखा टणाटण उडतो.
माझे प्रश्न असे. हत्ती मुळात धावतो का? तो चारही पाय कधीच एकदम उचलत नाही असं वाचायला मिळतं, पण व्हिडिओत तर चांगला सुसाट येताना दिसतो. वजन वाढलं की पळ कमी होते, हा नियम इतका सरळ आहे का? आणि पाय टेकण्याचा क्रम नि वेळ व्हिडिओवरून नेमकी कशी मोजायची? अंदाजपंचे काम नको आहे.

चौखूर
आधी शब्द साफ करून घेऊ, नाहीतर पुढे सगळे एकाच शब्दाने वेगवेगळं बोलत राहतील.
चाल म्हणजे चार सुटे ठोके. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. बहुतेक चौपाये सावकाश जाताना हाच क्रम पाळतात. दुडकी म्हणजे दोन ठोके. मागचा डावा आणि पुढचा उजवा एकदम, मग दुसरी तिरपी जोडी. दौडीत मागचे दोन पाय पाठोपाठ टेकतात, मग पुढचे दोन, आणि घोड्याच्या बाबतीत त्यानंतर चारही पाय पोटाखाली गोळा होऊन क्षणभर हवेत. छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ मध्ये ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी हा क्षण पकडला, तोवर चित्रकार घोड्याचे पाय पुढेमागे ताणून त्याला हवेत दाखवायचे. उंट एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, लांब पाय एकमेकांत अडकू नयेत म्हणून ते सोयीचं पडतं. जिराफाकडे चाल आणि दौड एवढंच, मधली दुडकी नाही.
आता हत्ती. सावकाश चालताना त्याचा क्रम वर दिलेला चालीचा, आणि जिवाच्या आकांताने पळतानाही तोच. दुडकी नाही, दौड नाही. तुमचं घोड्याचं रिग तिथेच फसलं.

शंकासुर
म्हणजे चालतो. विषय संपला. :)

चौखूर
@शंकासुर, इतक्यात नको. २००३ मध्ये जॉन हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधल्या ४२ आशियाई हत्तींना पळवून, सांध्यांवर रंगाचे ठिपके लावून चित्रण केलं. सर्वाधिक खात्रीचा वेग मिळाला सेकंदाला ६.८ मीटर, म्हणजे ताशी साधारण २४.५ किलोमीटर. या वेगाला 'चाल' म्हणणं भौतिकशास्त्राला परवडत नाही.
ते का, ते सांगतो. चालताना पाय हा उलटा टांगलेला लंबक असतो. पाऊल खिळलेलं, पाय ताठ, शरीर त्यावरून कमान करत पुढे जातं. कमानीवर राहायचं तर शरीराला खाली ओढणारं बल हवं, आणि ते देणारं गुरुत्वाकर्षण ठरावीकच आहे. वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले खुब्याची उंची) हे गुणोत्तर १ च्या वर गेलं की ताठ पायाने कमान घेणं शक्य नाही, पाऊल जमिनीवरून सुटणारच. याला फ्रूड अंक म्हणतात, १९व्या शतकात जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींवर काम करणाऱ्या विल्यम फ्रूडच्या नावावरून.
गणित करा. खुबा १.४ मीटर उंच धरला तर फ्रूड अंक १ येतो सेकंदाला ३.७ मीटर वेगाला, ताशी १३ च्या आसपास. बहुतेक चौपाये तर ०.५ च्या जवळच चाल सोडून दुडकी धरतात, ते या हत्तीला २.६ मीटरला लागू व्हायला हवं होतं. ६.८ मीटरला अंक निघतो ३.४. इथे इतर प्राणी दौडत असतात. म्हणजे पायांचा क्रम चालीचा आणि वेग दौडीचा. 'धावतो का' याचं उत्तर, तुम्ही धावणं कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. चारही पाय हवेत हीच अट असेल तर नाही. पायाची स्प्रिंग दबते आणि सुटते अशी अट असेल तर बऱ्याच अंशी हो, विशेषतः मागच्या पायांपुरतं.

शंकासुर
बरं, हरलो असं समजा. पण मग चारही पाय हवेत का जात नाहीत? वजनच ना?

फ्रेममोज्या
वजनावर येण्याआधी निव्वळ वेळेचं गणित बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे.
दोन आकडे लागतात. एक ड्यूटी फॅक्टर: एका पूर्ण आवर्तनातला (एक पाय टेकल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंतचा) किती वेळ तो पाय जमिनीला टेकलेला आहे. ०.५ च्या खाली गेला की त्या जोडीचे (दोन्ही मागचे किंवा दोन्ही पुढचे) पाय काही क्षण एकदम हवेत असतात. दुसरा आकडा म्हणजे अंतर: मागचा डावा टेकल्यापासून पुढचा डावा किती टक्के आवर्तनानंतर टेकला.
दुडकीत हे अंतर ५० टक्के असतं. त्यामुळे मागच्या जोडीचा हवेतला क्षण आणि पुढच्या जोडीचा हवेतला क्षण एकावर एक येतात. ड्यूटी फॅक्टर ०.५ पेक्षा जरासा खाली गेला तरी सगळा प्राणी हवेत.
हत्ती वेग वाढवतो तसं त्याचं अंतर २५ टक्क्यांकडे सरकतं. समजा चारही पायांचा ड्यूटी फॅक्टर ०.३७ आहे. मागचा डावा शून्यावर टेकला, ३७ टक्क्यांवर उचलला. मागचा उजवा ५० वर टेकणार. म्हणजे ३७ ते ५० मागचं धड अधांतरी. पुढचा डावा २५ वर टेकला, तो ६२ पर्यंत जमिनीवर. म्हणजे मागचे दोन्ही हवेत असताना पुढचा डावा ऐन भरात टेकलेला आहे. पुढच्यांची हवेतली वेळ ६२ ते ७५, आणि तेव्हा मागचा उजवा खाली. दोन्ही पोकळ्या एकमेकींना चुकवत फिरतात. पूर्ण झेप मिळायला या क्रमात ड्यूटी फॅक्टर ०.२५ च्या खाली न्यावा लागेल, आणि तिथवर हत्ती जात नाही.
कागदावर चार आडव्या पट्ट्या काढून रंगवा, पटकन दिसेल. मिल्टन हिल्डेब्रँडने १९६५ मध्ये घोड्यांच्या चाली अशाच दोन आकड्यांच्या आलेखावर बसवल्या, ती पद्धत अजून चालते.

अर्धाआराखडा
हे भारी आहे. म्हणजे हत्तीचं पुढचं आणि मागचं धड आळीपाळीने 'उडतं', पण सगळा हत्ती कधीच नाही?

फ्रेममोज्या
बरोबर. त्यातही मागचं आधी. हत्तीच्या पुढच्या पायांचा ड्यूटी फॅक्टर मागच्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून वेग वाढताना मागची जोडी आधी अधांतरी होते, फ्रूड अंक १ च्या सुमाराला. २००६ मध्ये हचिन्सनच्याच गटाने १४ आफ्रिकी आणि ४८ आशियाई हत्तींची २४०० हून जास्त आवर्तनं तपासली, वेग सेकंदाला ०.४ पासून ६.८ मीटरपर्यंत. क्रम कुठेही बदलला नाही.

कंडरा
वजनाबद्दल. @शंकासुर यांचा तर्क शाळेतल्या पुस्तकातला आहे आणि तिथवर खराही आहे. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, हाडाचा छेद चौपट. म्हणजे हाडावरचा ताण दुप्पट. गॅलिलिओने १६३८ मध्ये जाडजूड हाडाचं चित्र काढून हेच मांडलं.
पण प्राणी नुसते हाडं जाड करून सुटत नाहीत, ते पाय सरळ करतात. उंदीर उकिडवा बसल्यासारखा चालतो, त्याच्या प्रत्येक सांध्यापासून जमिनीच्या बलाची रेषा लांब जाते आणि स्नायूंना ते तोलून धरावं लागतं. घोड्याचा पाय बराच सरळ, त्यामुळे तेच वजन कमी स्नायुबलात पेलतं. अँड्र्यू बीवेनरने १९८९ मध्ये हे मापांनी दाखवलं: पाय सरळ होत गेल्याने लहानमोठ्या सस्तन प्राण्यांच्या हाडांवरचा कमाल ताण जवळपास सारखा राहतो. ही युक्ती साधारण ३०० किलोपर्यंत पुरते. पाय एकदा सरळ झाला की आणखी किती सरळ करणार? त्यापुढे हाडं खरोखर जाड करावी लागतात, नाहीतर कसरत कमी करावी लागते.
हत्तीच्या पायात दोन्ही दिसतं. मांडीचं हाड लांब आणि उभं, नडगी आखूड, त्याखालची पावलाची हाडं अगदीच बुटकी. घोड्यात नेमकं उलटं, वरचं आखूड आणि खालचं लांब. घोड्याच्या खालच्या पायात स्नायू जवळपास नाहीत, लांब कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आहेत. त्या टाप टेकताना ताणल्या जातात आणि पाय उचलताना ती ऊर्जा परत देतात. हत्तीकडे तसली लांब स्प्रिंग नाही. पायाची नळीही आतून पोकळ नाही, जाळीदार हाडाने भरलेली असते.

पाणघोडा_पंथ
सगळे हत्तीवरच अडलेत म्हणून हे. २०२४ मध्ये रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या एमिली प्रिंगल आणि हचिन्सन यांनी ३२ पाणघोड्यांची १६९ आवर्तनं व्हिडिओवरून तपासली. जमिनीवर पाणघोडा जवळपास सगळ्या वेगांना दुडकीच चालतो. सावकाशसुद्धा तिरपी जोडी. आणि जोरात पळताना आवर्तनाच्या १५ टक्क्यांपर्यंत वेळ चारही पाय हवेत. दीड टनाचं धूड!
पाण्यात वेगळा मामला. तो तरंगून पोहत नाही, तळाला पाय टेकवत टेकवत जातो. पाणी वजन उचलून धरतं म्हणून तिथे लांबलचक, संथ झेपा दिसतात. ॲनिमेशनसाठी संदर्भ शोधताना पाण्याखालच्या चित्रणावरून जमिनीवरची धाव उचलू नका.

अर्धाआराखडा
१५ टक्के हवेत म्हणजे उडी चांगली दिसायला हवी ना? शरीर किती वर उचलू?

फ्रेममोज्या
जवळजवळ काहीच नाही. हिशोब करा. आवर्तन ०.८ सेकंदाचं धरू (हा आकडा फक्त उदाहरणापुरता). १५ टक्के म्हणजे ०.१२ सेकंद. दुडकीत एका आवर्तनात दोन झेपा, म्हणजे एकेक ०.०६ सेकंदाची. हवेत गेलेली वस्तू किती वर जाते? गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग भागिले ८. उत्तर साडेचार मिलिमीटर. वजन दीड टन असो की दीड किलो, हा आकडा बदलत नाही.
त्यामुळेच डोळ्याला ते दिसत नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ०.०६ सेकंद म्हणजे दीड फ्रेम. धूळ, गवत, पोटाची सावली यात ती कुठे गेली कळत नाही. पाणघोडा हास्यास्पद दिसण्याचं कारण बहुधा हेच. रिग त्याला दहा-बारा सेंटिमीटर उचलतंय, आणि त्या उंचीला जाऊन परत यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. ते तुमच्या फ्रेममध्ये बसत नसेल तर तो एकतर चंद्रावर असल्यासारखा तरंगतो किंवा दोरीने खाली ओढल्यासारखा आदळतो.

चौखूर
गेंड्याचं थोडक्यात. पांढरा गेंडा दोन टनांचा, चालतो, दुडकतो, दौडतो, तिन्ही. दौडीत पूर्ण हवेतही जातो. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. पायाला तीन बोटं, पाय आखूड आणि बऱ्यापैकी वाकलेले. तुमचं घोड्याचं रिग इथे चालेल, पण पायाची लांबी, मानेची उंची आणि झेपेची वेळ बदलून. डोकं खाली आणि जड असतं, त्यामुळे पुढचे पाय टेकताना डोक्याचा झोक ठळक दिसतो.

शंकासुर
मग माझा मुद्दा उलटाच सिद्ध होतोय की. दोन टनांचा गेंडा दौडतो, दीड टनाचा पाणघोडा उडतो, चार टनांचा हत्ती उडत नाही. सीमा दोन आणि चारच्या मध्ये कुठेतरी. वजनच!

कंडरा
तसं असतं तर हत्तीचं पिल्लू दौडलं असतं. नुकतं जन्मलेलं पिल्लू शंभर किलोच्या आसपास असतं, मोठ्या घोड्यापेक्षा कितीतरी हलकं. वर उल्लेख झालेल्या २००६ च्या मोजणीत सगळ्यात लहान हत्ती ११६ किलोचा होता, सगळ्यात मोठा ४६३२ चा. लहान हत्ती आकाराच्या मानाने जास्त चपळ निघाले, पण पाय टाकण्याची पद्धत तीच. पूर्ण झेप नाही, दुडकी नाही.
म्हणून वजन हे थेट कारण नाही. तो बांधाच तसा आहे, शंभर किलोलाही आणि चार टनांनाही. पिल्लाला पुढे ज्या वजनाने चालायचंय, त्याचे पाय आधीपासून त्या वजनासाठी घडलेले. वजनाने पिढ्यान्‌पिढ्या बांधा ठरवला असं म्हणा, त्याला हरकत नाही. पण 'आज इतके किलो म्हणून आज उडी नाही' हे चूक.

चौखूर
+१. आणि कमाल वेगाचं कोडंही नुसत्या हाडांच्या मजबुतीने सुटत नाही. २०१७ मध्ये मिरियम हर्ट आणि सहकाऱ्यांनी शेकडो प्रजातींचे वेग मांडले तर आलेख टेकडीसारखा आला. मधल्या वजनाचे प्राणी सर्वात वेगवान, दोन्हीकडे उतार. त्यांचं स्पष्टीकरण असं: जड शरीराला वेग घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि स्नायूंत प्राणवायूशिवाय वापरता येणारी तातडीची ऊर्जा त्याआधीच संपते. म्हणजे हत्ती त्याच्या सैद्धांतिक वेगापर्यंत पोचतच नाही. यावर मतभेद आहेत, पण 'जड म्हणून हळू' याच्यामागे एकाहून जास्त कारणं असू शकतात एवढं लक्षात येतं.

कंडरा
भाराचा हिशोबही टाकतो, कारण 'पाय का सरळ ठेवतो' ते त्यातून कळतं.
हत्ती ४००० किलोचा धरा. वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर, म्हणजे सरासरी एकेकावर १२०० किलो. पण पाय सारा वेळ टेकलेला नसतो. ड्यूटी फॅक्टर ०.७५ असताना टेकलेल्या वेळात सरासरी भार १२०० भागिले ०.७५, म्हणजे १६००. ड्यूटी फॅक्टर ०.४ झाला की ३०००. भार चढतो आणि उतरतो, त्यामुळे मधला कळस सरासरीच्या दीडपटीहून थोडा जास्त, ४७०० च्या जवळ. एका पायावर अख्ख्या हत्तीपेक्षा जास्त! हाडाला साधारणपणे सगळ्यात कठीण हालचालीच्या दोन ते चारपट ताण सोसण्याची तयारी असते, त्यातली बरीच इथे खर्च होते.
पाय जास्त वेळ जमिनीवर ठेवणं हा या कळसाला चेपण्याचा सर्वात स्वस्त मार्ग. वेग वाढला की हत्तीचे पाय, विशेषतः मागचे, थोडे जास्त दबतात, तेही त्यासाठीच. २०१० मध्ये बलमापक फळ्यांवर हत्ती चालवून बघितले तेव्हा शरीराच्या वस्तुमानकेंद्राची वरखाली फारच कमी निघाली. पाठीवर पाण्याचा हंडा ठेवला तर फारसं सांडणार नाही असा प्रकार.

अर्धाआराखडा
पण मग पाय खांबासारखे ताठ ठेवायचे का? जुन्या पुस्तकांत 'खांबासारखे पाय' असतं.

कंडरा
नको. उभा असताना खांब, चालताना नाही. पाय पुढे घेताना सांधे इतर प्राण्यांइतकेच मोकळे वाकतात. पुढच्या पायात मनगट चांगलं दुमडतं, मागून पाहिलं तर तळवा दिसतो. मागच्या पायाचा गुडघा खाली, पोटाच्या रेषेच्याही खाली असतो आणि माणसासारखा पुढे वाकतो. घोड्याच्या मागच्या पायाचा जो 'उलटा गुडघा' वाटतो तो गुडघा नव्हेच, टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या चामड्याजवळ. हत्तीला ती उलटी टाच दिली की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.
आणखी दोन गोष्टी. हत्तीला (आणि घोड्या-गेंड्यालाही) गळ्याचं हाड (खांदा छातीला जोडणारं) नाही. पुढचा पाय धडाला स्नायूंनी टांगलेला आहे. त्यामुळे भार येताना फरा (खांद्याचं पसरट हाड) कातडीखाली वर सरकताना दिसला पाहिजे. फरा धडाला घट्ट चिकटवलेलं रिग म्हणजे लाकडी हत्ती.
दुसरं, ढकलण्याचं काम. घोडा, कुत्रा यांच्यात पुढचे पाय एकूणात ब्रेक लावतात आणि मागचे ढकलतात. हत्तीचा प्रत्येक पाय दोन्ही करतो, चारही चाकांना इंजिन जोडलेल्या गाडीसारखा. हेही २०१० चंच निरीक्षण. वेग घेताना पुढचे पाय नुसते टेकू म्हणून टाकू नका, त्यांनीही मागे रेटलं पाहिजे.

मातीतले_ठसे
पावलाबद्दल कुणी बोललंच नाही. हत्ती आतून चवड्यावर उभा असतो. बोटांची हाडं तिरकी, टाच उचललेली, आणि त्या टाचेखाली चरबी नि तंतूंची जाड गादी. त्या गादीत एक 'सहावं बोट' असतं. १७०६ मध्ये स्कॉटलंडमध्ये हत्तीची चिरफाड करणाऱ्या पॅट्रिक ब्लेअरने ते नोंदलं होतं, पण ते खरं बोट नव्हे, वाढलेलं छोटं हाड आहे आणि गादीला टेकू देतं हे २०११ मध्ये नीट दाखवलं गेलं.
भार आला की पाऊल पसरतं, उचललं की आकसतं. चिखलातून पाय सहज निघतो तो यामुळे. ॲनिमेशनमध्ये दोन-चार टक्के पसरवलंत तरी वजन 'बसतं'. दाब सगळ्या तळव्यावर सारखा नसतो, बाहेरच्या अंगाच्या बोटांकडे जास्त येतो. कोंडून ठेवलेल्या, कठीण फरशीवरच्या हत्तींच्या नखांचे नि बोटांचे आजारही त्या बाजूला जास्त दिसतात.
ठशांत पुढचं पाऊल गोल, मागचं लांबट अंडाकृती. सावकाश चालीत मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी लगत पडतो. पुढच्या पावलाच्या परिघाची दुप्पट म्हणजे खांद्याची उंची, हा जुना अंदाज बऱ्यापैकी जमतो. मॉडेलची प्रमाणं तपासायला झकास.

शंकासुर
हत्ती खंदक ओलांडत नाही ते त्यामुळेच? उडी नाही म्हणून?

मातीतले_ठसे
हो. पाय टाकून पलीकडे पोचता आलं तर जाईल, नाहीतर अडेल. अर्थात काठ पायाने खणून, माती ढकलून खंदक बुजवायला तो मोकळा आहे, आणि बुजवतोही.

फ्रेममोज्या
आता तिसऱ्या प्रश्नावर, मोजायचं कसं.
कॅमेरा प्राण्याच्या मार्गाला काटकोनात, दूर, आणि स्थिर. तिरक्या चित्रणावरून क्रम मिळतो, लांबी नाही. जवळून घेतलं तर अलीकडचे पाय मोठे, पलीकडचे लहान दिसून अंतर फसतं. मार्गावर माहितीतल्या अंतराच्या दोन खुणा हव्यात, आणि त्या प्राण्याच्याच रेषेत, मागच्या कुंपणावर नकोत.
फ्रेमदर आधी तपासा. फोनचे व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या दराने साठवलेले असतात, म्हणजे 'फ्रेम क्रमांक गुणिले ठरावीक वेळ' चुकतं. स्थिर दरात रूपांतर करा. इंटरनेटवरच्या चित्रफितींत गुपचूप मंद केलेल्या पुष्कळ असतात. ओळखायची खूण: उडालेली माती. सुटा ढेकूळ अर्ध्या मीटरवरून पडायला ०.३२ सेकंद लागले पाहिजेत. जास्त लागत असतील तर फीत मंद केलेली आहे.
मग प्रत्येक पायाची टेकण्याची आणि सुटण्याची फ्रेम लिहा. 'टेकणं' म्हणजे पाऊल पुढे सरकायचं थांबलं ती फ्रेम, तळवा पूर्ण चपटा झाला ती नव्हे. गवतात पाऊल दिसत नसेल तर घोट्याचा वेग शून्यावर आला की टेकलं समजा. निदान तीन लागोपाठ आवर्तनं घ्या. प्राणी वेग बदलत असेल तर ती आवर्तनं टाकून द्या, कारण वेग घेताना आणि सोडताना दोन्ही आकडे हलतात.
उदाहरण, सेकंदाला ५० फ्रेम. मागचा डावा ११२ ला टेकला, १३४ ला सुटला, १५६ ला परत टेकला. पुढचा डावा १२३ ला टेकला, १४७ ला सुटला. आवर्तन ४४ फ्रेम, म्हणजे ०.८८ सेकंद. मागचा ड्यूटी फॅक्टर २२ भागिले ४४, बरोबर ०.५०. पुढचा २४ भागिले ४४, ०.५५. अंतर ११ भागिले ४४, २५ टक्के. हा हत्ती नेमका उंबरठ्यावर आहे, मागची जोडी आता अधांतरी व्हायला लागेल.
चूक किती? टेकण्यात एक फ्रेम आणि सुटण्यात एक धरली तर २२ चे २० किंवा २४ होऊ शकतात. ०.४५ ते ०.५५. म्हणजे या एका आवर्तनावरून 'अधांतरी झाला' असं छातीठोक सांगता येत नाही. १०० फ्रेमचं चित्रण चूक निम्म्यावर आणतं.

चौखूर
आकार बदलताना वेळ बदलायला विसरू नका, ही ॲनिमेशनमधली सगळ्यात सार्वत्रिक चूक. पाय दुप्पट लांब केले तर आवर्तन दुप्पट नव्हे, १.४१ पट संथ करा. वर्गमुळाने. लंबकाचं तेच, फ्रूडचं तेच. वेळ जशीच्या तशी ठेवलीत तर हत्ती उंदराएवढा वाटतो, सरळ दुप्पट केलीत तर पाण्याखाली असल्यासारखा.

कंडरा
आणि दचकणं-अडखळणंही सावकाश. हत्तीच्या मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला साधारण ७० मीटर वेगाने जातो. दोन मीटरचा पाय धरला तर वर जायला ३० मिलिसेकंद, परत यायला तेवढेच, शिवाय स्नायूला जोर धरायला वेळ. ६.८ मीटरच्या वेगाला नुसत्या या येण्याजाण्यात तो ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पाय खड्ड्यात गेला तर त्या पावलात दुरुस्ती फारशी होत नाही, पुढच्या पावलात होते.

अर्धाआराखडा
सगळ्यांचे आभार. बदल केले: हत्तीला अंतर २५ टक्के, मागचा ड्यूटी फॅक्टर ०.४२, पुढचा ०.४६, शरीराची वरखाली चार सेंटिमीटर, आवर्तन ०.७५ सेकंद. पाणघोडा दुडकीवर नेला, उचल पाच मिलिमीटर. गेंड्याला दौडच ठेवली. हत्ती आता चांगला दिसतोय, पण डोकं अजून खोटं वाटतंय. घोड्यासारखं दर आवर्तनाला एकदा हलवलंय.

चौखूर
तिथेच चूक. दौडीत आवर्तनाला एक झोका, कारण पुढचे दोन्ही पाय पाठोपाठ येतात. हत्तीचे पुढचे पाय अर्ध्या-अर्ध्या आवर्तनाने येतात, म्हणून दोन झोके, आणि लहान. सोंडेला त्याच्या मागून थोडा उशीर द्या, कान आणखी उशिरा.

फ्रेममोज्या
आणि पुढचा ड्यूटी फॅक्टर ०.४६ ठेवलाय तर पुढच्या दोन्ही पायांची हवेतली वेळ ४ टक्के म्हणजे ०.०३ सेकंद. २५ फ्रेमवर रेंडर करत असाल तर ती एक फ्रेमही भरत नाही. दिसत नाही म्हणून वाढवू नका.